आईचे नाव आले, आईचे घर कुठे आहे?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी आईचे, मग वडिलांचे नाव लावण्याचा राज्य सरकारचा निर्णय चांगलाच. पण आंतरजातीय-आंतरधर्मीय घरांतील मुलांचे तेवढ्याने भागत नाही. जातीच्या रकान्यात सवयीने वडिलांचीच जात उतरते. वास्तविक आई आदिवासी आणि वडील बिगर-आदिवासी असलेल्या गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केले, की वडिलांची जात हा अंतिम निकष नव्हे. मूल कोणत्या वातावरणात वाढले तेही पाहावे लागते.

कागदापेक्षा घरातले मौन मात्र जास्त नडते. माझी आई वसईची ईस्ट इंडियन ख्रिस्ती, वडील साताऱ्याचे मराठा. मग मी कोण, असे विचारले की ‘मोठी झालीस की कळेल’ एवढेच उत्तर मिळे. नाताळात वसईच्या आजीकडे फुगे (तळलेले गोल पाव) खायचे आणि साताऱ्यात त्याबद्दल गप्प बसायचे, हे मात्र न सांगताच कळले होते. (चुलतभावंडे तरी ‘पाववाली’ म्हणून चिडवतच!) लपवण्याजोगे काही आहे, असे मूल यातूनच धरून चालते आणि आजोळापासून दुरावते. आजी गेली, तेव्हा तिच्या उशाशी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेतली एकही ओळ मला येत नव्हती.

– एक वाचक, सातारा