संगीताचा बॅकअप आणि न उतरलेल्या ४४ फाइली

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या कॅसेटी डिजिटल स्वरूपात कशा उतरवाव्यात, यासंबंधीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख उपयुक्त आहे. मात्र उतरवलेल्या संगीताची दुसरी प्रत ठेवण्याविषयी त्यात ‘बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्यावा’ एवढे एकच वाक्य आहे. ते अमलात आणायला मला जवळजवळ तीन महिने लागले. त्या काळात जे ध्यानात आले ते इतरांच्याही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे २१२ कॅसेटी होत्या. त्यांतल्या विकत घेतलेल्या थोड्याच. बऱ्याचशा मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्यात, उरुसाच्या वेळी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेत कलाकारांच्या परवानगीने भरून घेतलेल्या, आणि काही गुरुजींनी शिकवणीच्या वेळी रियाजासाठी भरून दिलेल्या. विकतची कॅसेट पुन्हा कुठेतरी मिळेल, पण गुरुजींनी माझी चूक थांबवून पूरिया रागातला निषाद (‘नी’ हा स्वर) पुन्हा लावून दाखवला, ती कॅसेट जगात एकच आहे. दोन वर्षे खपून हे सारे मी घरातल्या म्युझिक प्लेअरच्या आतल्या हार्ड डिस्कवर उतरवले. सीडीच्या दर्जाचे, न दाबलेले ध्वनिमुद्रण मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते. त्या हिशेबाने नव्वद मिनिटांच्या २१२ कॅसेटी २०० जीबीच्या आसपास जातात. म्हणजे १ टीबीची बाहेरची डिस्क पुरेशी होती आणि यूएसबी २.० या जुन्या जोडणीच्या वेगानेही काम दोन-तीन तासांत आटोपायला हवे होते.

पहिली अडचण विजेची निघाली. डिस्क जोडली की दिवा लागे, आतून टक्-टक् असा आवाज येई आणि पाच-सात मिनिटांत प्लेअरवर ‘डिस्क सापडत नाही’ असा संदेश उमटे. दुकानदाराने डिस्कच खराब ठरवली. पण तीच डिस्क संगणकावर विनातक्रार चालत होती. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळणे अपेक्षित असते आणि फिरणारी चकती असलेल्या डिस्कला, विशेषतः सुरू होताना, त्याहून जास्त लागू शकतो. स्वतंत्र अडॅप्टरवर वीज घेणारा यूएसबी हब (जोडण्या वाढवणारी छोटी पेटी) मध्ये जोडला आणि आवाज थांबला. म्हणून डिस्क टाकून देण्याआधी ती दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावी आणि केबल बदलून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी अडचण फॉरमॅटची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीची होती. डिस्क एनटीएफएस या फॉरमॅटमध्ये होती. माझ्या प्लेअरला तिच्यावरचे वाचता येत होते, तिच्यावर लिहिता येत नव्हते. आतून लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या बऱ्याच जुन्या यंत्रांची हीच तऱ्हा असते. फॅट३२ हा जुना आणि जवळजवळ सर्वत्र चालणारा पर्याय खरा, पण त्यात एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही, आणि काही प्लेअर सगळा संग्रह एकाच फाइलमध्ये बांधून ठेवतात, ते तिथेच अडतात. शेवटी प्लेअरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून एक्सफॅट हा तिसरा फॉरमॅट निवडला. फॉरमॅट करताना डिस्कवरचे सगळे पुसले जाते, हे मात्र आधी लक्षात असू द्यावे.

यानंतर ‘बॅकअप पूर्ण झाला’ अशी पाटी पडद्यावर आली आणि मी निश्चिंत झाले. खरा घोटाळा इथेच झाला होता. आठवड्याभराने भाच्याच्या संगणकावर ती डिस्क लावून पूरियाची शिकवणी ऐकवायला गेले, तर ती तिथे नव्हतीच. प्लेअरवर २,३१८ फाइली होत्या आणि डिस्कवर २,२७४. उरलेल्या ४४ फाइलींबद्दल यंत्राने चकार शब्द काढला नव्हता.

नावे मराठीत लिहिल्यामुळे असे झाले, ती इंग्रजीत करा, असा सल्ला मला दोन ठिकाणी मिळाला आणि मी त्या कामाला जवळजवळ लागलेही होते. पण ‘मारवा द्रुत’ उतरले होते आणि ‘पूरिया : विलंबित’ उतरले नव्हते, दोन्ही नावे देवनागरीतच होती. वही घेऊन ४४ नावे एकाखाली एक लिहून काढली, तेव्हा त्या प्रत्येकात विसर्गासारखी दिसणारी तीच दोन टिंबे, म्हणजे अपूर्णविराम, आढळला. प्लेअरच्या आतल्या लिनक्सला तो चालतो. फॅट३२ आणि एक्सफॅट यांच्या नियमांत तो, तसेच प्रश्नचिन्ह, तारका आणि दुहेरी अवतरणचिन्ह फाइलीच्या नावात बसत नाही. अपूर्णविरामाच्या जागी आडवी रेघ घातली आणि सगळ्या फाइली उतरल्या. आपल्या लिपीवर उगीचच आळ आला होता, याचे मला आजही वाईट वाटते.

प्लेअर बनवणाऱ्यांकडे आणि विकणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. पोर्टमधून किती प्रवाह मिळतो, कोणत्या फॉरमॅटवर लिहिता येते आणि नावात कोणती चिन्हे चालत नाहीत, हे पुस्तिकेत छापावे; आणि बॅकअप संपल्यावर न उतरलेल्या फाइलींची यादी पडद्यावर दाखवावी. एक फाइल जरी राहिली असेल, तरी ‘पूर्ण’ हा शब्द वापरण्याचा त्यांना अधिकार नाही.

तोवर हे काम आपल्यालाच करावे लागेल. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवावी, दहा-वीस फाइली दुसऱ्या यंत्रावर लावून त्यांचा शेवटचा मिनिटभर ऐकावा आणि पडद्यावरून ‘काढा’ असा आदेश दिल्याशिवाय केबल उपसू नये. काही प्लेअरमध्ये दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवणारी ‘सिंक’ नावाची सोय असते. तीत प्लेअरवरून चुकून पुसलेली फाइल पुढच्या खेपेस बॅकअपवरूनही पुसली जाऊ शकते, म्हणून ती निवडण्यापूर्वी तपासून घ्यावी.

बॅकअपची डिस्क प्लेअरच्याच कपाटात ठेवू नये, हे आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-मिरज भागात कितीतरी घरांचे तळमजले पाण्याखाली होते. माझी एक डिस्क आता पुण्याला बहिणीकडे असते आणि दर दिवाळीला ती इथे आणून नव्या फाइली भरते. येत्या दिवाळीत तिच्यावर पूरियाची ती शिकवणी आधी चढवायची आहे.

आपली नम्र,
एक संगीत शिक्षिका, मिरज