‘ओसाड’ माळावर कोण राहते, ते आधी पाहा

संपादक महोदय,
स. न.

जून उजाडला की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमुक गावच्या ओसाड माळावर हजारो रोपांची लागवड, तमुक मंडळाचा स्तुत्य उपक्रम. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका बातमीच्या छायाचित्रात मागच्या रांगेत हातात कुदळ घेऊन मी उभा आहे. कात्रण जपून ठेवले होते. गेल्या जानेवारीत इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला जाऊन आल्यापासून ते बाहेर काढायची इच्छा होत नाही.

नातवाला लांडगा बघायचा होता. आजवर त्याने तो फक्त गोष्टीत पाहिलेला, तोही खोटे बोलणाऱ्या पोराला धडा शिकवण्यापुरता. कडबनवाडीचा माळ तसा अभयारण्य नव्हे, पण वनविभागाने तिथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे आणि वाटाड्याही स्थानिकच असतो. भल्या पहाटे थंडीत कुडकुडत पोहोचलो. तासभर चिंकारा, मोर आणि एक खोकड एवढेच दिसले. मग वाटाड्याने नुसती हनुवटी उचलली. पिवळ्या गवतात पिवळ्याच रंगाचे काहीतरी उभे होते. गावच्या कुत्र्यापेक्षा उंच, पाय लांब, अंगाने सडपातळ. त्याने आमच्याकडे पाहिले, चार पावले गेला, पुन्हा वळून पाहिले आणि त्याच संथ चालीने टेकाडापलीकडे उतरला. पुढे जाऊ म्हटले तर वाटाडा म्हणाला, “आता पिल्लांचा टाइम आहे, त्या अंगाला गाडी न्यायची नाही.” हा नकार मला लांडग्याइतकाच आवडला.

परतताना त्याच्याकडून बरेच कळले. कळप म्हणजे टोळी नव्हे, कुटुंब असते. आई, बाप, यंदाची पिल्ले आणि मागच्या खेपेची एखाद-दुसरी थोरली भावंडे. ही भावंडे धाकट्यांना भरवायलाही मदत करतात. (आपण ‘लांडगेतोड’ हा शब्द किती सैल वापरतो!) जनुकीय अभ्यासानुसार भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी एक आहे. देशात तो तीन हजारांच्या आसपासच उरला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, बसवले आहे, पण त्याच्या नावाने झालेली अभयारण्ये मोजकीच. झारखंडमधले महुआडांड १९७६चे, आणि कर्नाटकात कोप्पळजवळचे बंकापूर अलीकडचे.

वाटेत एक मेंढपाळ भेटला. लांडग्याचा त्रास होतो का, विचारले. “नेलं की परवा एक कोकरू. वाघूर ढिली राहिली आमचीच,” म्हणाला. (वाघूर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी.) भरपाई मिळते ना? “मिळती, पर पंचनाम्याला दिस जातो. तवर मेंढरं कुणी राखायची?” आवाजात राग नव्हता. हिशेब मात्र पक्का होता.

आता मुद्द्याचे. हा प्राणी दाट झाडीत राहणारा नाही. लांबवर नजर टाकायची आणि भक्ष्याचा पाठलाग करायचा, तर त्याला मोकळे रान लागते. मुरमाड, कमी पावसाच्या जमिनीत निसर्गाने कुसळी, पवन्या, मारवेल असे गवत वाढवले. तेच चिंकारा खातो आणि तेच मेंढरेही. सरकारदरबारी मात्र अशा जमिनीचा मोठा भाग ‘पडीक’ म्हणून मोजला जातो. मग पाणी अडवायला जेसीबीने सलग समतल चर खणले जातात, त्यात गिरिपुष्पासारखे बाहेरून आणलेले झाड लावले जाते, आणि झाडे जगलीच तर सावलीखाली गवत मरते. आपल्या बातमीत मात्र हिरवाई येते.

दुसरा धोका मी डोळ्यांनी पाहिला. माळाच्या कडेला पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्यांचे पोते फाटून पडले होते आणि त्यावर सहा-सात कुत्री तुटून पडली होती. या कुत्र्यांकडून लांडग्यांत रेबीज आणि डिस्टेंपर हे जीवघेणे रोग जातात. पुणे परिसरात तर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे.

आपल्याला विनंती एवढीच. यंदा लागवडीची बातमी आली, की आपल्या वार्ताहराने दोन प्रश्न जरूर विचारावेत: इथे आधी कोणते गवत होते, आणि ते कोण खात होते? उत्तर मिळाले नाही तर तेही छापावे. ‘ओसाड’ हा शब्द तेवढा टाळावा.

कडबनवाडीहून परतल्यावर कात्रणातल्या त्या माळावरही एकदा जाऊन आलो. आम्ही लावलेल्यांपैकी एकही रोप दिसले नाही. चर तेवढे आहेत, आणि त्यांत प्लास्टिकच्या काळ्या पिशव्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पुणे