बाबा, त्या वह्या रद्दीत घालू नका

श्री

लाइपझिग, रविवार

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बोलता बोलता आई म्हणाली, "ह्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढलीय. गाण्याच्या वह्या रद्दीत घालायच्या म्हणतायत." तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर विषय काढला असता तर तुम्ही "बरं, बघू" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून पत्र लिहायला बसले. हे पूर्ण वाचून होईपर्यंत ट्रंकेला हात लावू नका, एवढं माझं ऐका.

मी राहते त्या या गावात बाखनं आयुष्याची शेवटची २७ वर्षं काढली. पाश्चात्त्य संगीतातलं फार मोठं नाव म्हणून तुम्ही त्याला ओळखता. पण तो इथं शाळेत गाणं शिकवायचा, हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. १७२३ साली सेंट टॉमस चर्चच्या शाळेत तो कँटर, म्हणजे शाळेचं आणि चर्चचं गाणं सांभाळणारा शिक्षक, म्हणून रुजू झाला. नगरपालिकेला आधी टेलेमान हवा होता, मग ग्राउपनर, दोघंही तेव्हाचे नावाजलेले संगीतकार. ते दोघं मिळाले नाहीत म्हणून बाख. सर्वोत्तम मिळत नाही तर मध्यम घ्यावा लागेल, अशा अर्थाचं एका सभासदाचं बोलणं तेव्हाच्या कामकाजात नोंदलेलं आहे. नेमणुकीत लॅटिन शिकवणंही होतं. ते काम त्यानं वर्षाला ५० थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) पदरचे देऊन दुसऱ्या शिक्षकाकडून करून घेतलं, का तर आपला वेळ गाण्याला मिळावा. हे वाचलं तेव्हा मला तुम्हीच दिसलात, आपल्या शाळेतले गाण्याचे मास्तर. गॅदरिंगची तयारी करायला मिळावी म्हणून तुम्ही इतरांची सुपरव्हिजन अंगावर घ्यायचात आणि त्यावरून आई रात्री बोलायची.

१७३० साली त्यानं नगरपालिकेला एक लांबलचक अर्ज लिहिला. चर्चमध्ये नीट गाणं व्हायचं तर किती गळे लागतात, किती वादक लागतात, आणि हातात काय आहे, याचा सगळा हिशेब त्यात आहे. शेवटी शाळेतल्या मुलांची यादी: कामाची १७, अजून तयार व्हायची २०, आणि गाण्याच्या अजिबात कामाची नाहीत अशी १७. संगीत शिक्षक सोडून हा हिशेब दुसरं कोण मांडेल? त्याच वर्षी दान्झिगच्या एका जुन्या मित्राला त्यानं पत्र लिहिलं. वरकमाई अंत्ययात्रांतल्या गाण्यावर अवलंबून, गेल्या वर्षी हवा चांगली होती, माणसं कमी मेली, शंभरावर थालर बुडाले, असं त्यात आहे. त्याच्या २० मुलांपैकी १० च मोठी झाली. अशा माणसाला घर चालवायला हा हिशेब मांडावा लागला, हे वाचताना माझ्या पोटात कालवलं.

आता कामाचं सांगते. कँटाटा म्हणजे त्या त्या रविवारच्या प्रवचनाला धरून बांधलेलं गायन, बहुतेक वीस-पंचवीस मिनिटांचं. आपल्याकडे कीर्तनात निरूपणाला धरून पदं येतात, तसं समजा. पहिली काही वर्षं तो जवळजवळ दर आठवड्याला नवा कँटाटा रचत होता. जून १७२४ ते मार्च १७२५ या काळातच असे चाळीसच्या आसपास झाले. रचायचं आणि लगेच प्रत्येक गायकाचा, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद उतरवून काढायचा. त्याला विद्यार्थी बसायचे, मुलगे बसायचे आणि बायको आना माग्डालेनाही बसायची. ती स्वतः दरबारात पगारी गायिका होती. तिचं अक्षर हळूहळू नवऱ्यासारखं इतकं झालं की पुढं कित्येक वर्षं अभ्यासकांना कुणाचं कोणतं ते ओळखता येत नव्हतं. आईनं तुमच्या किती वह्यांत शब्द उतरवून दिलेत, ते मला आठवतं. तिचा "क्ष" तुमच्यापेक्षा चांगला.

चर्चसमोर बोझे नावाच्या व्यापाऱ्याचं घर होतं, बाखच्या शेजाऱ्यांचं. तिथं आता संग्रहालय आहे. बाख राहायचा ती शाळेची इमारत मात्र १९०२ साली पाडली. संग्रहालयात एक खोली मुद्दाम अंधारी ठेवलेली आहे, कारण हस्तलिखितांना उजेड सोसत नाही. मी तिथं चार वेळा जाऊन आले. कागद तपकिरी झालेत. जुन्या शाईत लोह असायचं, ती कागद खात जाते, त्यामुळं दाट सुरावटीच्या जागी कागदाची चाळण व्हायला लागते. स्वर लिहायच्या पाच रेघा एकदम ओढायला पाच टोकांची लेखणी असायची. एखाद्या वळणावर टोक कागदाला नीट टेकलं नाही की एक रेघ अर्धवट राहते. मी काचेला नाक लावून ती अर्धवट रेघ बघत उभी होते. मागं माणसं थांबलीत, याचं भान नव्हतं.

बाखच्या हस्तलिखितांतली एक गोष्ट तर तुम्हाला सांगायलाच हवी. पान संपलं, शाई ओली आहे, उलटता येत नाही, आणि डोक्यात पुढची ओळ तयार आहे. तेव्हा तो पानाच्या तळाशी, उरलेल्या जागेत, पुढच्या पानाची सुरुवात घाईघाईनं टिपून ठेवायचा. विसरू नये म्हणून. आणि रचनेच्या सुरुवातीला तो दोन अक्षरं लिहायचा: जे. जे., म्हणजे "येशू, साहाय्य कर". तुमच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मध्यभागी "श्री" असतं ना, अगदी तसं.

आणखी एक. त्या वेळी चर्चचा ऑर्गन बाकीच्या वाद्यांपेक्षा एक पूर्ण स्वर चढा होता. म्हणून ऑर्गनवाल्याचा कागद बाख एक स्वर उतरवून लिहायचा, म्हणजे वाजताना सगळ्यांचं जुळेल. तुम्ही मुलींसाठी काळी चार आणि आवाज फुटलेल्या नववीतल्या मुलांसाठी काळी एक अशी एकाच गाण्याची दोन पानं करायचात. शेजारी पेन्सिलनं कुणाचा गळा कुठपर्यंत जातो, त्याची खूण.

आता मूळ मुद्द्यावर येते. २८ जुलै १७५० ला बाख गेला. नगरपालिकेनं वर्षभर आधीच, तो हयात असताना, त्याच्या जागी येणाऱ्याची परीक्षा घेऊन टाकली होती. तो गेल्यावर हस्तलिखितं वाटली गेली. थोरल्या मुलाकडे, फ्रीडेमानकडे, गेलेली पैशांच्या अडचणीत विकली गेली, विखुरली. दुसऱ्या मुलानं, हांबुर्गच्या कार्ल फिलिप इमानुएलनं, आपली जिवापाड सांभाळली. आना माग्डालेनानं आपल्या वाट्याचे कँटाटांचे सुटे कागद त्या शाळेलाच दिले. दहा वर्षांनी ती गेली तेव्हा धर्मादाय मदतीवर जगत होती. पण तिनं दिलेले ते कागद आजही याच गावात आहेत, ४४ रचनांचे संच. बाखच्या मृत्युलेखात चर्चच्या कँटाटांचे पाच वर्षांचे संच असल्याचं लिहिलंय. आज सगळे मिळून हाती आहेत दोनशेच्या आसपास. बाकीचे गेले. ते कधी, कुणाच्या हातून, कुठल्या माळ्यावरून गेले, कुणाला सांगता येत नाही.

सेंट मार्क पॅशन नावाची त्याची एक मोठी रचना १७३१ साली गायली गेली. पॅशन म्हणजे येशूच्या यातनांची आणि मृत्यूची कथा गाऊन सांगणं. तिचे शब्द छापलेले होते म्हणून शब्द राहिले, संगीत गेलं. बाबा, आपल्या शाळेच्या वार्षिक अंकात तुमची स्वागतगीतं छापून यायची. शब्द तेवढे. चाल त्या ट्रंकेत आहे.

उलट सेंट मॅथ्यू पॅशन बघा. बाखनं तिची सुवाच्य प्रत स्वतः केली, बायबलमधल्या ओळी लाल शाईत लिहिल्या. पुढं पानांच्या कडा खराब झाल्या तेव्हा कागदाच्या पट्ट्या चिकटवून गेलेले स्वर पुन्हा लिहिले. ती प्रत बर्लिनच्या ग्रंथालयात आहे. तो गेल्यावर कित्येक वर्षं ही रचना लोकांसमोर आली नव्हती. मेंडेल्सझोन नावाच्या मुलाला त्याच्या आजीनं तिची एक नक्कल भेट दिली आणि ११ मार्च १८२९ ला, विसाव्या वर्षी, त्यानं बर्लिनमध्ये ती सादर केली. बाख पुन्हा लोकांच्या कानांवर पडायला लागला तो तिथून. एका आजीनं नातवाला एक वही दिली होती, एवढंच.

शनिवारी दुपारी टॉमस चर्चमध्ये गाणं असतं, काल गेले होते. मुलं मागच्या सज्ज्यात उभी असतात, आपण समोर तोंड करून बसतो, त्यामुळं कुणी दिसत नाही. पाठीवर सूर येतात. आपल्याला एका सुराच्या मागं जायची सवय. इथं चार ओळी एकदम निघतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाहीसं वाटत असताना सगळे एका ठिकाणी येऊन टेकतात. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. बाखची कबर तिथंच पुढं आहे. आधी पुरलं होतं त्या दुसऱ्या जागी दगडही नव्हता, १८९४ साली अस्थी शोधून काढाव्या लागल्या. काल तिथं कुणी तरी पिवळी फुलं ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, कुठं तो आणि कुठं मी. मी तुलना करत नाही. पण ३१ वर्षं तुम्ही मिरजेतल्या पोरांना गाणं शिकवलंत, तेही गणिताचा पोर्शन राहिला की आधी ज्याच्यावर गदा यायची त्या तासाला. पाहुणे बदलले की नवं स्वागतगीत, पाऊस लांबला की नवी प्रार्थना. निवृत्तीच्या दिवशी शाल दिली आणि दुसऱ्या आठवड्यात पेटी अडगळीच्या खोलीत गेली. ते तुम्हाला लागलंय, मला कळतं. त्या रागात वह्या घालवू नका. दादाच्या मुलाला बसवा. तो एकेका पानाचा फोटो काढून मला पाठवेल, मी सगळं नीट लावून ठेवीन. ट्रंक माळ्यावर नको, पावसाळ्यात तिथं ओल येते. देवघराशेजारच्या कपाटात खालचा कप्पा रिकामा आहे, आईला विचारलंय.

आणि एक काम लगेच करा. देसमधलं ते पावसाचं गाणं, आमच्या सातवीच्या गॅदरिंगचं. मी इथं लेकीला शिकवतेय. धृपद येतं, पहिलं कडवंही येतं. दुसऱ्या कडव्यात "थेंब" वर तुम्ही शुद्ध निषाद लावून वर जायचात की कोमल घेऊन उतरायचात, तिथं मी अडते. दोन्ही गाऊन बघितलं, दोन्ही बरं वाटतं. हिरव्या पुठ्ठ्याची वही, बहुधा शेवटून दहा-बारा पानं आधी. उघडून बघा आणि कळवा.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल पार्सलनं पाठवलंय.

तुमची,
ताई