परराष्ट्र व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र : करार पक्का होण्याआधी संसदेत येऊ द्या

माननीय परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

सादर नमस्कार.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला रहिवासी आहे. 15 ऑगस्ट 1955 रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, ती पत्रादेवी आमच्याच तालुक्यात आहे. त्याच वर्षी त्रिदिब चौधुरी हे लोकसभेचे विद्यमान सदस्य सत्याग्रही म्हणून गोव्यात आले आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले. मुक्तीनंतर 1962 मध्ये संसदेने बारावी घटनादुरुस्ती करून गोवा, दमण व दीवला भारतीय संघराज्यात घटनात्मक स्थान दिले. परराष्ट्र धोरणात संसदेचे स्थान काय, हा प्रश्न त्यामुळे आम्हा गोमंतकीयांना परका नाही.

आज मात्र सरकारने परदेशाशी केलेला करार पक्का होण्यासाठी संसदेची संमती लागत नाही. देशाचा भूभाग द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती लागते, म्हणूनच बांगलादेशबरोबरच्या भूसीमा करारासाठी 2015 मध्ये शंभरावी दुरुस्ती झाली. एखाद्या करारासाठी नवा कायदा हवा असेल तरीही संसदेकडे यावे लागते. पण तोपर्यंत देशाने शब्द दिलेला असतो आणि सभागृहापुढे होकाराशिवाय फारसे काही उरत नाही. शिवाय घटनेच्या अनुच्छेद 253 नुसार करार अमलात आणण्यासाठी संसद राज्यसूचीतील, म्हणजे एरवी राज्यांच्या अखत्यारीतील, विषयावरही कायदा करू शकते. मासेमारी हा असाच राज्यसूचीतील विषय आहे.

पणजीजवळच्या मालीमच्या जेटीवर ट्रॉलर लागतो, बांगडा मासळीचे क्रेट उतरतात, आणि डिझेलवरील कराचा परतावा मिळावा म्हणून मालक पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. 1 जून ते 31 जुलै बंदीचा काळ असतो, म्हणजे वर्षाचे गणित उरलेल्या दहा महिन्यांत बसवायचे असते. अशा मदतीला किती मर्यादा असाव्यात, याची बोलणी जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत चालतात. मासेमारी अनुदानांवरील पहिला करार तिथे जून 2022 मध्ये संमत झाला. क्षमतेपेक्षा अधिक मासेमारीला हातभार लावणाऱ्या अनुदानांचा अवघड भाग अजून बाकी आहे. त्यावरील बंधने लागू होण्यापूर्वी विकसनशील देशांना 25 वर्षांची मुदत मिळावी, ही भारताची मागणी मला योग्य वाटते. वाटाघाटी वाणिज्य मंत्रालय करते हे मी जाणतो, परंतु करारांची रीत बदलायची तर पुढाकार आपल्याच मंत्रालयाने घेतला पाहिजे.

वाटाघाटींत गुप्तता लागते, हे मला मान्य आहे. म्हणून टेबलावरचे कागद उघड करा असे मी म्हणत नाही. स्वाक्षरी झाल्यानंतर आणि अंतिम मान्यता देण्यापूर्वी कराराचा मसुदा दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा, एवढेच मागणे आहे. ब्रिटनमध्ये 2010 च्या कायद्यानुसार असा करार बैठकीच्या 21 दिवसांसाठी संसदेपुढे ठेवावा लागतो. आपल्याकडे परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समिती आहेच. तिने मसुदा तपासावा, ज्यांच्या पोटावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे ऐकावे आणि मग सभागृहात चर्चा व्हावी.

याने आपले हात बांधले जातील, असे मला वाटत नाही. एप्रिल 2003 मध्ये लोकसभेने इराकवरील युद्धाविरुद्ध एकमुखी ठराव केला. पुढे जुलैमध्ये सरकारने तिथे सैन्य पाठवण्यास नकार दिला, तेव्हा हा नकार एकट्या मंत्रिमंडळाचा नव्हता. जिनिव्हात भारताच्या प्रतिनिधीला "हे माझ्या संसदेत मान्य होणार नाही" असे खरेपणाने सांगता आले, तर ते बळ कमी नाही.

लोकसभेत गोव्याचे दोन आणि राज्यसभेत एक सदस्य आहे. मतदानाच्या बळावर आम्ही काही अडवू शकत नाही, आणि म्हणूनच समितीपुढे बोलण्याची संधी आम्हाला अधिक मोलाची आहे. मासेमारीचा उर्वरित करार ठरेल, तेव्हा तो मान्य करण्याआधी समितीने मालीमला यावे, ट्रॉलरमालकांबरोबरच किनाऱ्यावर रापण, म्हणजे पारंपरिक मोठे जाळे, ओढणाऱ्यांनाही बोलवावे, आणि त्यांची साक्ष नोंदवून घ्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
पेडणे तालुक्यातील एक मतदार