बंदूक बदलू नका, आधी गाल कुठे टेकतोय ते बघा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला क्ले शूटिंगवरचा (हवेत उडवलेली थाळी शॉटगनने, म्हणजे छर्रे उडवणाऱ्या बंदुकीने, फोडायचा खेळ) लेख मला पुण्याहून बहिणीने व्हॉट्सॅपवर पाठवला, खाली लिहिलं होतं "तुझ्या वेडाबद्दल छापून आलंय बघ". लेख बरा आहे, पण त्यात एक विधान आहे की महागडी इटालियन बंदूक परवडत नाही म्हणून मराठी पोरं ह्या खेळात दिसत नाहीत. ते वाचलं आणि राहवेना म्हणून हे पत्र. मी मूळचा कराडचा, गेली बरीच वर्षं इंग्लंडात रेडिंगजवळ राहतो, पोटापाण्याला सॉफ्टवेअर आणि एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी क्ले. मी काही चँपियन वगैरे नाही, शंभरात पंच्याहत्तर फुटल्या की घरी जाताना गाडीत गाणं म्हणतो असला खेळाडू. पण बंदूक निवडताना जितक्या चुका करता येतात त्या सगळ्या स्वतःच्या पैशाने केल्यात, तेवढ्या अधिकाराने लिहितोय.

आधी एक छोटी दुरुस्ती. लेखात क्लेला "मातीची थाळी" म्हटलंय, पण त्यात माती नसते हो, डांबरासारखं पिच आणि चुनखडीची भुकटी असते. ११० मिलिमीटर व्यास, १०५ ग्रॅमच्या आसपास वजन. इंग्लंडात तिला अजून "पिजन"च म्हणतात कारण पूर्वी खरीखुरी कबुतरं सोडून मारायचे, १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमधे सुद्धा जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली होती, ब्रिटनमधे तो प्रकार १९२१ च्या कायद्याने बंद झाला. असो.

मी सुरुवात केली २०१५ ला, ऑफिसच्या लोकांबरोबर. पोलिसांनी मान्यता दिलेल्या मैदानावर क्लेवर नेम धरायला इथे स्वतःचं सर्टिफिकेट लागत नाही, मैदानाची बंदूक वापरता येते, त्यामुळे आधी चव घेऊन बघता येते. स्वतःची हवी असेल तर मग शॉटगन सर्टिफिकेट, पाच वर्षांचं, त्यासाठी पोलीस घरी येऊन लोखंडी कपाट भिंतीला नीट बोल्ट केलंय का बघतात, डॉक्टरकडून तब्येतीची माहिती जाते, ओळखीच्या माणसांकडे चौकशी होते. फी पण वाढली, २०२५ च्या फेब्रुवारीपासून नव्या सर्टिफिकेटचे ७९.५० चे १९४ पाउंड झाले.

पहिली बंदूक सेकंडहँड घेतली, बेरेटाची ६८६, वरखाली दोन नळ्यांची बाराबोअर. (बारा का, तर एक पाउंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती बाराबोअर. आमच्या आजोळी दुनळी होती, तिला सगळे बाराबोअर म्हणायचे, पण बारा कशाचे हे मला इथे येऊन कळलं.) सेकंडहँड घ्यायला घाबरू नका, फक्त हात लावून बघायला शिका. पुढचं लाकूड काढायचं आणि नळ्या बिजागरीत बसवून हलवायच्या, खुळखुळ नको. मग नळ्या सुट्या करून एका बोटावर लटकवायच्या आणि नखाने टिचकी मारायची, देवघरातल्या घंटेसारखा लांब नाद आला तर दोन्ही नळ्या आणि मधली पट्टी घट्ट जोडलेली आहे, बद्द वाजलं तर कुठेतरी झाळ सुटलीय. आपल्याकडे बायका माठ घेताना काय वेगळं करतात? दुकानदार माझ्याकडे जरा चमकून बघत होता, त्याला वाटलं नसावं ह्या माणसाला हे माहीत असेल.

नावाचं म्हणाल तर नावावर फार जाऊ नका. ब्राउनिंगची ५२५ आणि मिरोकूची एमके ३८ ह्या दोन्ही जपानमधल्या कोचीच्या एकाच कारखान्यातनं येतात, नाव बदललं की किंमत बदलते एवढंच. ह्या बंदुका नीट ठेवल्या तर पोराबाळांना पुरतात, झिजत वगैरे नाहीत आपल्यासारख्या रविवारच्या खेळाडूकडून.

तर माझा स्कोअर दोन वर्षं साठ-एकसष्टला अडकलेला. आणि मग जे सगळ्यांचं होतं तेच झालं, मला वाटायला लागलं की बंदूक कमी पडतेय. रात्री जेवण झालं की लॅपटॉपवर बंदुका बघत बसायचो, बायको म्हणायची "अरे लग्न जमवायला एवढी स्थळं बघितली नव्हतीस". शेवटी एका दुकानात (नाव कशाला घ्या) जुनी दिली आणि वर साडेचार हजार पाउंड मोजून एक भारी इटालियन घेतली, तेव्हाच्या हिशोबाने चार लाखाच्या वर. ३० ऐवजी ३२ इंची नळ्या, दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड तर असं की नुसतं बघत बसावं. दुकानदाराने काउंटरमागून बंदूक माझ्या हातात दिली, मी एकदा खांद्याला लावली, तो म्हणाला "परफेक्ट". त्याने माझ्या डोळ्याकडे बघितलं नाही, हाताची लांबी बघितली नाही, कार्ड मशीन मात्र लगेच पुढे केलं.

पहिल्या महिन्यात माझा स्कोअर चोपन्न.

मी आणखी सामान घेतलं. पाच चोक घेतले, नळीच्या तोंडाशी फिरकीने बसतात ते, निळे लाल रंगाचे. चोक म्हणजे तोंड किती आवळलंय ते, ४० यार्डावर ३० इंची वर्तुळात साधारण किती छर्रे पडतात त्यावर मोजतात, पाव चोकला शंभरातले ५५, अर्ध्याला ६०, फुल्लला ७०. पाव आणि अर्ध्यात फरक पाच छऱ्यांचा, आणि मी प्रत्येक स्टँडवर (बार काढायला उभं राहायची जागा) पाना काढून चोक बदलतोय, मागे सहा माणसं खोळंबलेली. एकदा ह्या गडबडीत चोक अर्धवटच पिळला गेला आणि मी तसाच बार काढणार होतो, मागच्या एका बाईंनी ओरडून थांबवलं. सैल चोकने नळीचं तोंड फाटू शकतं. त्या दिवसापासून पाव आणि अर्धा घातलाय तो घातलाय, पाना गाडीच्या डिकीत.

मग कुणीतरी सांगितलं अमक्या कोचकडे जा. सत्तरीचा म्हातारा, अंगात भोकं पडलेला स्वेटर. त्याने आधी बंदूक उघडून रिकामी आहे हे स्वतः बघितलं, मला दाखवलं, परत बघितलं, मग म्हणाला डोळे मीट, खांद्याला लाव, गाल टेकव, आता डोळे उघड, काय दिसतंय? मी म्हटलं वरची खटकी दिसतेय, उघडायची. म्हणाला नळीवरची पट्टी दिसते का, नळीच्या टोकाचा मणी दिसतो का? नाही. परत एकदा बंदूक रिकामी आहे बघून तो समोर येऊन माझ्या डोळ्यात बघायला लागला आणि म्हणाला तुझं अर्धं बुबुळ बंदुकीच्या मागे बुडालंय. रायफलला मागची साइट, नेम धरायची खाच, लोखंडाची असते, हिला नसते, हिची मागची साइट म्हणजे तुझा डोळा. आणि तो जागेवर नाहीये.

मग मला पॅटर्न प्लेटवर नेलं. लोखंडाचा मोठा पत्रा, त्याला चुन्यासारखा पांढरा रंग मारलेला, मधे काळा ठिपका. १५ मीटरवरनं ठिपक्याकडे बघत सहा बार काढायला लावले, नेम धरायचा नाही, नुसतं खांद्याला लावलं की सोडायचा. पत्र्यावर छऱ्यांचा काळा डाग उमटला तो ठिपक्याच्या चांगला चार बोटं खाली. १५ मीटरला चार बोटं म्हणजे ३० मीटरला आठ बोटं, आणि क्ले आडवी येते तेव्हा तिची जाडी जेमतेम अडीच सेंटीमीटर दिसते. म्हणजे मी इतके दिवस बरोबर जागी मारत होतो आणि बंदूक खाली मारत होती, मधूनमधून फुटायच्या त्या छऱ्यांच्या कडेने.

म्हाताऱ्याने खिशातून काडतुसांच्या खोक्याचा पुठ्ठा काढला, कात्रीने पट्ट्या कापल्या, माझ्या त्या चार लाखाच्या अक्रोडावर जिथे गाल टेकतो तिथे एकावर एक ठेवल्या आणि वर चंदेरी टेप गुंडाळली. मला कसंतरीच झालं, पैठणीला ठिगळ लावल्यासारखं. बार काढला, डाग वर सरकला. अजून एक पट्टी, अजून थोडा वर. साधारण ५ मिलिमीटर भरलं. पुढच्या रविवारी अडुसष्ट.

आणि लांबी. दुकानातल्या बंदुकांचा दस्ता ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंत साडेचौदा-पावणेपंधरा इंच असतो, पावणेसहा फुटी गोऱ्याच्या हिशोबाने. मी पाच फूट पाच. बंदूक वर घेताना टोक जाकिटात अडकायचं, मग खांद्यावर बसायच्या ऐवजी दंडावर बसायची, रविवारी संध्याकाळी दंड जांभळा. मी आपलं समजायचो की बाराबोअरचा धक्का असाच असतो. सुताराने, म्हणजे बंदुकीच्या सुताराने, पाऊण इंच कापून रबराची गादी बसवली. एक सल्ला, कापलेला तुकडा फेकू नका, पुढे विकायची वेळ आली तर परत जोडता येतो, माझा देवघराच्या खालच्या खणात आहे. धक्का कमी बसावा म्हणून २८ ग्रॅम छऱ्यांची काडतुसं सोडून २१ आणि २४ वर आलो, ऑलिंपिकवाले सुद्धा २४ ग्रॅमच वापरतात, त्याहून जड चालतच नाही, मग मला कशाला हवीत.

गंमत म्हणजे हे सगळं जुन्या बंदुकीला पण करता आलं असतं, पुठ्ठा तोच, टेप तीच. साडेचार हजारात किती धडे आणि किती काडतुसं आली असती ह्याचा हिशोब बायकोने एकदा कागदावर केला होता, तो मी फाडून टाकला.

तिचंच सांगतो. ती एकदा आली गंमत म्हणून, एकही फुटेना, सगळे म्हणायला लागले बायकांना हलकी बंदूक द्या, २० बोअर (बारापेक्षा बारीक नळीची) द्या. हलकी बंदूक उलट जास्त लाथ मारते, वजन असलं की ते धक्का खातं, पण ऐकतं कोण. म्हाताऱ्याने तिला लांबच्या झाडाकडे बोट दाखवायला सांगितलं आणि एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा डोळा उघडा ठेवला की बोट झाडावरून सरकतं, डावा ठेवला की जागेवर. म्हणजे माणूस उजव्या हाताचा आणि हुकमाचा डोळा डावा. चष्म्याच्या डाव्या काचेवर नखाएवढी टेप लावली, बंदूक तीच, आणि बाईसाहेबांनी पुढच्या दहातल्या सहा फोडल्या. असा दोष किती जणांना असतो आणि ते बिचारे नळीची लांबी बदलत बसतात.

नळीची लांबी हा तर कट्ट्यावरचा आवडता विषय. अहो, ताशी ६५ किलोमीटरने आडवी जाणारी क्ले ३० मीटरवर असेल तर छर्रे पोचेपर्यंत ती पावणेदोन मीटर पुढे गेलेली असते, तेवढं पुढे मारावं लागतं. दोन इंच जास्त नळी तिथे काय करणार? जोंधळ्याच्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला कुणी दोरी किती फुटी आहे विचारत नाही, त्याचा हात थांबत नाही म्हणून दगड लागतो. इथे पण तेच, बार काढताना बंदूक थांबली की क्लेच्या मागे.

आता तुमच्या लेखाच्या मुद्द्यावर. मराठी माणसाला नेमबाजी येत नाही असं कोण म्हणेल, अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, २०२४ ला पॅरिसमधे ५० मीटर रायफलला ब्राँझ आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. पण सगळे रायफल आणि पिस्तुलातले. शॉटगनला आठवतात ते राज्यवर्धन राठोड, मानवजित संधू, बिकानेरचे करणीसिंह. ह्याला बंदुकीच्या किमतीपेक्षा जमीन जास्त कारण आहे असं मला वाटतं. दहा मीटर एअर रायफल शाळेच्या हॉलमधे होते, छर्ऱ्याची डबी स्वस्त. ट्रॅप ह्या ऑलिंपिकमधल्या क्लेच्या प्रकाराला खंदकात क्ले फेकणारी पंधरा मशीन, एका फेरीला २५ क्ले, मॅचला १२५, प्रत्येकीवर दोन बार काढायची मुभा, आणि समोर छर्रे पडायला साधारण पावणेतीनशे मीटर मोकळी सुरक्षित जागा. पुण्या-मुंबईजवळ एवढी जागा मोकळी ठेवून त्यात कबुतरं फोडू असं बिल्डरला सांगून बघा. आणि काडतूस एकदा उडालं की गेलं. बंदूक एकदाच घेता, काडतुसं दर आठवड्याला.

म्हणून कुणाला खरंच काही करायचं असेल तर प्रत्येक पोराला स्वतःची बंदूक हा हट्ट सोडून क्लबच्या मालकीच्या चार साध्या बंदुका घ्याव्यात, गाल टेकतो तो भाग स्क्रूने वरखाली होणाऱ्या आणि मागची गादी पुढेमागे होणाऱ्या, असे दस्ते मिळतात. एकाच बंदुकीवर सकाळी पाच फुटी मुलगी आणि दुपारी सहा फुटी मुलगा शिकेल. उरलेले पैसे काडतुसांना. भारतातला लायसन्सचा कायदा इथल्यापेक्षा वेगळा आणि कडक, त्यामुळे तर एकच बंदूक सगळ्यांना पुरवणं जास्तच शहाणपणाचं.

पत्र लांबलं, कात्री लावलीत तरी चालेल, फक्त पुठ्ठ्याचा भाग ठेवा.

आपला,
एक वाचक,
रेडिंग, इंग्लंड (मु. पो. कराड)

ता. क. लेखाबरोबर छापलेल्या फोटोतली मुलगी बंदूक लावून उभी आहे, तिचा गाल दस्त्यापासून चांगला बोटभर वर उचललेला दिसतोय, बहुतेक नळीवरची पट्टी दिसावी म्हणून मान वर काढतेय बिचारी. तुमच्या फोटोग्राफरकडे तिचा नंबर असेल तर तिच्या कोचला कळवा.