थायलंडच्या सहलीत फनोम रुंगलाही जागा हवी

मा. संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत परदेशी सहलींविषयीचा लेख वाचला. त्यात थायलंडच्या नावाखाली बँकॉक, पट्टाया आणि फुकेत यांपलीकडे एकही गाव नव्हते. ग्वाल्हेरहून निघणाऱ्या बहुतेक सहलींची मजलही तिथवरच असते. ईशान्य थायलंडमधील बुरीराम या भातशेतीच्या प्रांतात, विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर असलेल्या फनोम रुंगच्या शिवमंदिराची दखल घेतली जावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दहाव्या ते तेराव्या शतकांत ख्मेर, म्हणजे प्राचीन कंबोडियाच्या, राजवटीत वालुकाश्म आणि जांभ्या दगडात बांधलेल्या या मंदिराकडे कमळकळीच्या आकाराच्या दगडी खांबांमधून जाणारा लांबलचक मार्ग आणि नागफण्यांच्या कठड्यांचे पूल ओलांडून जावे लागते. आत शिवलिंग आणि नंदी आहेत, तर दर्शनी भागावर नटराज आणि त्याखालच्या ललाटपट्टीवर (दारावरच्या आडव्या दगडी तुळईवर) शेषशायी विष्णू कोरलेला आहे. ही ललाटपट्टी १९६०च्या दशकात चोरीला गेली, पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आढळली आणि थाई लोकांनी मागणी लावून धरल्यावर १९८८ मध्ये परत येऊन पुन्हा मूळ द्वारावर बसली. इथल्या गुजरी महाल संग्रहालयातली शालभंजिकेची प्राचीन मूर्ती कुलुपाआड पाहण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना याचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही. ग्वाल्हेरजवळच्या बटेश्वरची कोसळलेली मंदिरे पुरातत्त्व खात्याने जशी दगडाला दगड जुळवून उभी केली, तसेच काम तेथे १९७१ पासून १९८८ पर्यंत चालले होते.

मंदिराचा अक्ष पूर्वेपासून किंचित उत्तरेकडे कललेला असल्यामुळे ३ ते ५ एप्रिलच्या आणि ८ ते १० सप्टेंबरच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण एका रेषेतल्या पंधराही दारांतून आरपार जातात. मात्र सप्टेंबर तिकडे ऐन पावसाळ्याचा असल्याने एप्रिलच बरा. त्याच महिन्यात मंदिराचा वार्षिक उत्सव असतो आणि गावोगावचे लोक जुन्या ख्मेर धाटणीच्या वेशात, देवांच्या वाहनांच्या प्रतिकृती घेऊन मिरवणुकीने गड चढतात. ऊन कडक असते, पण ग्वाल्हेरच्या माणसाने त्याची तक्रार करू नये! पायथ्याचे मुआंग ताम मंदिरही, चार कोपऱ्यांतल्या काटकोनी तळ्यांसाठी, चुकवू नये.

बँकॉकहून बुरीरामला रेल्वेने जाता येते. पुढे गाडी ठरवलेली बरी. शाकाहारी मंडळींनी कच्च्या पपईची तिकडची प्रसिद्ध कोशिंबीर मागवताना माशाचा अर्क न घालण्याविषयी आधीच बजावावे. सहल संयोजकांनी पट्टायाचा एक मुक्काम कमी केला, तरी एवढे सारे सहज बसते. आपल्या पुरवणीनेही एप्रिलच्या सहलींची नोंदणी सुरू होण्यापूर्वी या प्रांतावर सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर