केबिनचा दाब गेल्यावर विमान ‘कोसळत’ नाही

संपादक महोदय,

केबिनमधला हवेचा दाब घटून एखादे विमान वळवावे लागले, की ‘विमान हजारो फूट कोसळले’ असा मथळा हमखास येतो. हा मथळा चुकीचा आहे. ते उतरणे वैमानिकांनी जाणूनबुजून केलेले असते.

बोइंग ७३७ मध्ये केबिनची हवा १०,००० फुटांवरील हवेइतकी विरळ झाली, की कॉकपिटमध्ये भोंगा वाजतो. सर्वांत आधी दोन्ही वैमानिक ऑक्सिजन मास्क चढवतात, कारण ३५,००० फुटांवर डोके ठिकाणावर राहते ते जेमतेम अर्धा ते एक मिनिट. मग मास्कमधल्या मायक्रोफोनवर एकमेकांचे बोलणे ऐकू येते का, हे तपासायचे आणि हवा बाहेर सोडणारी झडप हाताने बंद करून पाहायची. एवढ्याने दाब आवरला नाही तर इंजिनांचा जोर काढून, स्पीडब्रेक (पंखांवरच्या, हवेला अडवणाऱ्या फळ्या) उघडून मिनिटाला पाच-सहा हजार फूट खाली यायचे. १०,००० फुटांपर्यंत, किंवा खाली डोंगर असतील तर तिथल्या सुरक्षित उंचीपर्यंत. नियंत्रण कक्षाला ‘मेडे’ ही संकटाची हाक, आणि रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७७०० हा आणीबाणीचा क्रमांक. ही घाई आवश्यकच असते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या यंत्रात रासायनिक क्रियेने तयार होणारा ऑक्सिजन साधारण १२ मिनिटेच पुरतो. इतक्या खालून उडताना इंधन फार जळते, म्हणून मूळ मुक्कामाचा नाद सोडून जवळचा विमानतळ गाठतात.

इशारा ओळखताच आला नाही तर काय होते, हे १४ ऑगस्ट २००५ रोजी दिसले. सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेल्या हेलिओस या विमान कंपनीच्या ७३७ मध्ये दाबनियंत्रणाचा खटका ‘मॅन्युअल’वर राहिला होता, म्हणजे दाब आपोआप राखला जात नव्हता. दाबाचा भोंगा आणि उड्डाणासाठी विमानाची मांडणी (पंखांच्या पट्ट्या वगैरे) चुकल्याचा भोंगा एकाच आवाजाचा. दुसरा फक्त जमिनीवर वाजतो, तरी वैमानिक त्याच समजुतीत राहिले आणि विमान चढतच गेले. १२१ जणांचा बळी गेला. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई-जयपूर विमानात केबिनला हवा पुरवणारे ब्लीड स्विच चालू करायचे राहिले. प्रवाशांच्या नाकातून रक्त आले, पण विमान मुंबईला सुखरूप परतले.

अशा बातमीसोबत प्रवाशांना उपयोगी चार ओळी छापाव्यात, ही कळकळीची विनंती. मास्क स्वतःकडे जोराने ओढावा. त्या ओढीनेच ऑक्सिजन सुरू होतो. मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. जळका वास आला तर तो बहुधा तापलेल्या ऑक्सिजन यंत्राचा असतो. आधी स्वतःचा मास्क, मग मुलाचा. आणि कर्मचारी सांगेपर्यंत तो काढू नये.

आपला,
एक वाचक, पुणे